भागवतच्या मांडीवरचं पोर

"मग बाबा, या गावाला तोंड फुटायचं तरी कधी?"

लालशाबाबा गोधडीला ठिगळ लावत होते. त्यांनी दोऱ्याला गाठ मारली, दातानं तोडला.

आता हा विचारणारा कोण, तर भागवत. शहरात जाऊन समाजसेवेचं शिकून आलेला. खांद्याला झोळी, खिशाला पेन. अन् एकदा बोलायला लागला की त्यापरीस रेडिओ परवडला. त्याला कान पिळायला बटण तरी असतं.

पण माणूस सोन्यासारखा, खोटं कशाला बोला. गावाच्या कामासाठी तालुक्याचे जिने चढून चढून त्याच्या चपलांचे अंगठे तुटले होते.

अन् बाबा म्हणजे वेशीबाहेर झोपडीत राहणारे फकीर. सगळं गाव त्यांच्याकडं जायचं. कुणी पोराची दृष्ट काढायला, कुणी नुसत्या शिव्या खायला. भागवतनं त्यांना गुरू केलं होतं. बाबांनी त्याला चेला केलं होतं का, ते बाबांनाच ठाऊक.

"सगळं शिकवलं मी यांना," भागवत म्हणाला. "सभेत काय विचारायचं, कसं मागायचं, साहेबाच्या डोळ्याला डोळा कसा द्यायचा. माझ्यापुढं घडाघडा बोलतात. अन् साहेब आला की घशात बोळा."

"सभा कधी हाय?"

"उद्या. तालुक्याचे साहेब येणारेत. पैसा आलाय तो एकाच कामापुरता. सरपंचाला वेशीवर कमान पाहिजे, वडिलांच्या नावाची. गावाला ओढ्यावर पूल पाहिजे. उद्या हुकलं तर पूल गेलाच. आमच्या आळीतली इंदू पुरात अडकून ओढ्याच्या काठावर बाळंत झाली, बाबा. कमानीखाली नाही झाली."

"ते पोर कसं हाय?"

"पोर? … बरंय की. गाव त्याला ओढ्याच म्हणतं."

बाबा खुदकन हसले. मग म्हणाले,

"सभेत तू बसतो कुठं?"

"पुढं. साहेबांच्या समोर."

"अन् गाव?"

"माझ्यामागं."

"मग गावाला काय दिसतं?"

भागवतनं मान वळवून मागं बघितलं.

"माझी पाठ."

बाबांनी सुईत दोरा ओवायला घेतला. म्हातारे डोळे, दोरा कधी इकडून जाई कधी तिकडून. भागवतनं हात पुढं केला. "आणा इकडं, मी ओवतो."

बाबांनी त्याच्या हातावर चापट मारली.

बराच वेळ गेला…

दोरा ओवला गेला.

"उद्या एक कर," बाबा म्हणाले. "इंदूचं पोर मांडीवर घेऊन बस."

"आणि?"

"आणि काय? जागं होऊ द्यायचं न्हाय."

"अहो बाबा, पण पुलाचं…"

"तू पोराचं बघ."

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळात सतरंजी पडली. साहेब आले, सरपंच आले, कागदांचं बाड घेऊन ग्रामसेवक आले. अन् भागवतराव कुठं, तर पार मागं भिंतीला टेकून. मांडीवर ओढ्या. टोपडं घातलेला, मुठी वळलेला, गाढ झोपलेला.

बायकांना तेवढंच पाहिजे होतं.

"भागवतभाऊ, पाजायचं पण तुम्हीच बघणार का?"

"अगं, दात येत्यात त्याला. भाऊंच्या बोटाला सांभाळा म्हणावं."

भागवत कानापर्यंत लाल झाला. इंदूचं तर तिसरंच. इतके दिवस सभा म्हटलं की कडेवर पोर अन् दाराशी उभं राहायचं, रडलं की बाहेर पळायचं. आज हात रिकामे. ठेवायचे कुठं ते कळेना. पदर गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

पुढची भागवतची जागा तशीच मोकळी होती. नवरदेव यायचा असावा तशी. कुणी तिथं बसेना. सगळं गाव माना वळवून मागं बघत होतं.

ग्रामसेवक वाचायला लागले. त्यांचं वाचणं म्हणजे मालगाडी. डबे मोजावेत तर इंजिन निघून गेलेलं. "…तरी वेशीवर कमान बांधण्याचे काम सर्वांना मान्य असल्यास हात वर करावेत."

आता या गावाची एक रीत होती. भागवतचा हात वर गेला की गावाचा हात वर. त्याचा खाली की गावाचा खाली. ज्या हाताला ठाऊक आहे त्याला डोक्यानं कशाला तरास द्यायचा.

भागवतनं विरोध करायला तोंड उघडलं. ओढ्या चुळबुळला. भागवतनं तोंड मिटलं.

नेमकी तेवढ्यात एक माशी आली अन् ओढ्याच्या नाकावर बसली.

भागवतनं माशी हाकलायला हात उचलला.

सगळं गाव हात वर.

बहिरा संभा, डुलक्या घेणारे म्हातारे, सगळे. इंदूचाही हात वर. मोकळा होता ना.

"सर्वानुमते मंजूर," ग्रामसेवक म्हणाले अन् लिहायला लागले.

भागवत 'अहो' म्हणायला गेला, तर ओढ्यानं ओठ काढले. मग ते 'अहो'चं 'अं अं अं' झालं, अन् गडी थोपटत बसला.

इंदू वर केलेल्या आपल्या हाताकडं बघत होती. दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखं. शेजारच्या सोजरला हळूच म्हणाली,

"आपण हात कशाला वर केला गं?"

"काय की. भागवतभाऊनं केला."

"त्यानं माशी हाकलली."

हळू बोलली खरं, पण देवळाचा घुमट मेला चहाडखोर. सगळ्यांनी ऐकलं. एकजण फिसकन हसला, मग दुसरा, मग सगळी सतरंजी हलायला लागली.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

हसू बंद. सगळ्यांनी भागवतकडं बघितलं.

भागवतनं पोराकडं बघितलं.



साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. सरपंचांनी चहाला खूण केली. भागवतला वाटलं, आता बोलावं, पोर रडलं तर रडू दे. जीभ टाळ्याला लागली सुद्धा. तेवढ्यात बाबांची चापट हाताला झोंबल्यासारखी झाली, अन् त्यानं जीभ चावली.

इंदू उभी राहिली. पदर मुठीत.

"साहेब… आम्ही हात कशाला वर केला?"

"कमानीला, बाई."

"मग तो खाली घेतो आम्ही."

"आता लिहिलं गेलं की," ग्रामसेवक म्हणाले.

"खोडा मग. कमानीला नव्हता तो. माशीला होता."

पुन्हा हसू फुटलं. साहेबही हसले, माणूस बरा होता, त्याला आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं. टोपण काढून म्हणाले, "मग तुम्हाला काय पाहिजे?"

भागवतनं शिकवलेलं सगळं इंदूच्या डोक्यातून उडालं.

"ओढा," ती म्हणाली.

"ओढा पाहिजे?"

"न्हाय… ओढा हाय. लई हाय."

भागवतनं डोळे मिटून घेतले.

"पूल म्हणती ती, साहेब," शेजारून सोजर ओरडली. "अन् ते पोर बघा भिंतीजवळ. काठावर झालंय ते. मीच नाळ कापली, पावसात, वर पोत्याची खोळ धरून."

मग काय विचारता. संभा उठला. एक म्हातारा आपल्या वाहून गेलेल्या म्हशीचं घेऊन बसला, ती कशी दूध द्यायची इथपासून. कुणी मास्तर येत नाहीत म्हणालं, त्याला सोजरनं खाली बसवलं, "तुझं मागनं." एकावर एक बोलणं. ना शेंडा, ना बुडखा.

भागवत तिकडं नुसता उकळत होता. इंदूनं पुराचं साल चुकीचं सांगितलं. पुलाच्या बाजूचा एक सरकारी नियम त्यानं हुडकून ठेवला होता, तो तर कुणाच्या तोंडातच आला नाही. अन् नेमकं तेव्हाच ओढ्यानं त्याचा सदरा ओला केला. ऊन ऊन.

गडी हलला नाही.

साहेबांनी ग्रामसेवकाला पुन्हा वाचायला लावलं. सावकाश. "कमान पाहिजे, त्यांनी हात वर करा."

सरपंचाचा गेला, त्याच्या भावकीचे गेले.

"पूल?"

या खेपेला कुणी मागं वळून बघितलं नाही. एकेकानं आधी आपल्या हाताकडं बघितलं, मग वर केला. काही पटकन, काही दमानं.

भागवतचा तेवढा खाली होता. दोन्ही हात पोराखाली अडकलेले.

दिवस कलायला लागला तसा तो झोपडीवर आला. बाबांची गोधडी उन्हात पडली होती अन् बाबा तिच्यावर.

"पूल मंजूर झाला, बाबा. उद्या साहेब ओढा बघायला येणारेत. इंदूनं बजावलंय त्यांना, चपला हातात घेऊन या म्हणून."

"हं."

"पण किती चुकीचं बोलले हो सगळे. तो नियम तर कुणी काढलाच नाही."

"हं."

"अन् मी… एक शब्द बोललो नाही."



भागवतला खरं तर वाईट वाटायला पाहिजे होतं. वाटत नव्हतं. उलट आतून गुदगुल्या होत होत्या, अन् तेच त्याला जरा खटकत होतं.

"मग पुढच्या सभेला मी करायचं काय, बाबा?"

बाबांनी त्याच्या सदऱ्याचा वास घेतला. नाक मुरडलं.

"गावात पोरं काय कमी हाईत व्हय?"