कारणाचा रकाना

तालुक्याच्या वाचनालयाचे अध्यक्ष आबासाहेब भर दुपारी आत शिरले, तेव्हा ग्रंथपाल कुमुदताई टेबलाशी एकट्याच होत्या. आबासाहेबांच्या मुठीत पुस्तकातून सुटलेली तारखेची चिठ्ठी होती; तिच्यावर वाचनालयाचा शिक्का होता, पुस्तकाचं नाव नव्हतं.

"सुनेच्या उशीखाली सापडली. शालन काय वाचते ते बघायचंय. देवघेवीचं रजिस्टर काढा."

शालनने नेलं होतं ते मारकुट्या नवऱ्याविरुद्धच्या कायद्याचं पुस्तक. तिच्या मनगटावरचे वळ ताईंनी पाहिले होते. पुस्तकाचं नाव घरात कळलं असतं, तर ते परत करायलाही ती उरली नसती.

"कोण काय वाचतं, ते आम्ही सांगत नाही, आबासाहेब."

"मला शिकवता? वाचनालय कोणाच्या जिवावर चालतं?"

"तुमच्याच. म्हणून तर तुमचाच नियम पाळते." ताईंनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. रजिस्टर पाहायचं तर सहीनिशी अर्ज, त्यात कारण, आणि तो अर्ज सात दिवस बाहेरच्या फलकावर. विरोधकांना अडवायला आबासाहेबांनीच केलेला नियम होता तो.

ताईंनी कोरा अर्ज पुढे सरकवला. "कारणाच्या रकान्यात लिहा, 'सून काय वाचते याची मला धास्ती वाटते.' धास्ती कसली, ते गाव आपापसांत ठरवेल."

आबासाहेबांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं आणि ते पायऱ्या उतरले.

संध्याकाळी शालन आली, पदर गालापर्यंत ओढून. "ताई, मुदत वाढवून मिळेल? दोन प्रकरणं राहिलीत."

ताईंनी गालाचं काही विचारलं नाही. मुदत वाढवली. नवी चिठ्ठी मात्र दिली नाही. तारीख तोंडीच सांगितली.