सरपंचांनी वाटलेला फुगा

सन १९९६, ऐन मार्गशीर्षातली थंडी. माळशेत गावच्या चावडीमागच्या खोलीत दहा-बारा म्हातारे रोज बाजा विणत बसत. हात चालत, गप्पा चालत आणि दुखण्यांचा विसर पडे.

सरपंच विश्वासरावांनी त्याच खोलीत ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र काढलं. सुंभ आणि हत्यारं कपाटात कोंडली, चावी खिशात घातली आणि उद्घाटनाला प्रत्येक म्हाताऱ्याच्या हातात एक फुगा दिला.

"टोलवा वर आणि वाजवा टाळ्या!"

संतूतात्या सुतारांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साठ वर्षं लाकूड तासायला वाकस धरून घट्टे पडलेल्या हातात फुगा!

"विश्वासराव, आम्हाला बाजाच विणायच्यात. चावी द्या."

"तात्या, साठी उलटली की माणसाचं लेकरू होतं. लेकराचं कुणी ऐकत बसतं का? त्याचं भलं आपणच ठरवायचं!"

"हा नियम सगळ्यांना?"

"सगळ्यांना! त्यात लहान-थोर नाही."

तात्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. एसटीच्या थांब्यावर सरपंचांच्या एकसष्टीचा फलक अजून झुलत होता.

"मग साठी तुमचीही उलटली. लेकराचं ऐकायचं नसेल, तर तुमचा हुकूम आम्ही का ऐकावा? आणि ऐकायचं असेल, तर आम्ही मघापासून चावीच मागतोय."

खोलीभर हशा पिकला. विश्वासरावांनी खिशातून चावी काढून दिली.

तात्यांनी ती घेतली आणि फुगा त्यांच्या हातात परत दिला.