शेल्याची गाळणी

पूर्वी रोहितनगरात राजा महाबल राज्य करीत असताना बोधिसत्त्व कुंभाराच्या कुळात जन्मले होते. वेशीबाहेरच्या पाणपोईची व्यवस्था ते पाहत. उन्हाळा लागला की गावातली माणसे आपणहून येत, कोसभर दूरच्या विहिरीवरून घागरी आणत आणि वाटसरूंना पाणी पाजत.

अमात्य वसुमित्राला याचे भारी कौतुक! तो राजाला म्हणाला, "महाराज, नुसत्या शाबासकीवर माणसे किती दिवस येतील? जो सर्वांत जास्त पाणी पाजेल त्याला रेशमी शेला द्या."

बोधिसत्त्व म्हणाले, "अमात्य, ती कशासाठी येतात हे त्यांना एकदा विचारा तरी."

अमात्य नुसता हसला. दवंडी पिटली गेली.

आणि मग जी धमाल उडाली! वाटसरू दिसला रे दिसला की चौघे त्याच्यावर तुटून पडत. "माझ्या हातचं प्या हो!" पोट तुडुंब भरलेल्यालाही सोडीनात. ओढाओढीत घागरी फुटत, पाणी मातीत जाई. अखेर शेला भद्रक तेल्याला मिळाला. दुसऱ्या दिवशी पाणपोईकडे कुणी फिरकले नाही. भद्रकाचे काम झाले होते आणि बाकीचे रुसले होते.

नेमका त्याच दुपारी ओसाड माळ तुडवून एक तांडा आला. मुलांचे ओठ फुटलेले, आणि रांजण कोरडेठाक! विहिरीवरून पाणी येईपर्यंत ती लेकरे तग धरणार नव्हती. पाणपोईवर आलेल्या अमात्याची पाचावर धारण बसली.

"पलीकडच्या आटलेल्या नदीत चला! वाळू उकरा!" बोधिसत्त्व ओरडले.

अमात्य गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी वाळू उपसू लागला. हाक ऐकून भद्रक आणि रुसलेलेही धावत आले. पाणी लागले! पण निव्वळ गढूळ. तेवढ्यात भद्रकाने खांद्यावरचा शेला ओढला आणि घागरीच्या तोंडावर ताणून धरला.

"अरे, तुझा मानाचा शेला!"

"ओता आधी, अमात्य!"

गाळलेले पाणी अमात्याने एका मुलीच्या ओंजळीत ओतले. पहिल्या घोटाला तिने डोळे मिटले. ते पाहून अमात्याने तिची ओंजळ पुन्हा भरली.

"हेच बघायला येत होतो आम्ही," भद्रक म्हणाला. "मधेच विसरलो."

पुढे तो मळका शेला रांजणाच्या तोंडावर कायमचा बांधला गेला, आणि अमात्य रोज घागर घेऊन येऊ लागला.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, आजाऱ्यांची सेवा केली पण सभेत आपले नाव घेतले नाही म्हणून रुसलेला हा भिक्षू तेव्हाचा, सेवेला बक्षीस लावणारा वसुमित्र. त्याच आजाऱ्यांवर स्वतःचे चीवर घालून गप्प बसलेला तो भद्रक. पाणपोईचा कुंभार मीच होतो. फळाची आस न धरता दिलेले, तेच दान." रुसलेला भिक्षू उठला आणि आजाऱ्यांसाठी पाणी आणायला गेला.