कोल्ह्याचं गुळगुळीत घर

एका उघड्या, खडकाळ माळावर एक कोल्हा राहत असे. पोरांनो, त्याला सगळं येत होतं. फक्त दुसऱ्याचं ऐकून घेता येत नव्हतं. त्याचं बीळ पावसाळ्यात ढासळायचं आणि उन्हाळ्यात आत भाकरी भाजावी एवढं तापायचं. अशात कोल्हिणीला दिवस गेले. ती म्हणाली, "अहो, वैशाखात पिल्लं व्हायची आहेत. त्याआधी गार घर बांधा. नाहीतर मी चालले माहेरी, आणि परत यायची नाही, सांगून ठेवते!"

कोल्ह्याचं धाबं दणाणलं. शेजारी एक साळिंदर घर बांधत होतं. वाळक्या गवतात सावरीचा कापूस भरून, आपल्याच काट्याने टाचून त्याने जाड गाद्या केल्या. दोन-दोन गाद्या समोरासमोर उभ्या केल्या आणि मधल्या फटीत मुरूम-चुन्याचा काला ओतला. काला वाळून दगड झाला. कोल्ह्याने टक लावून पाहिलं आणि हुबेहूब तसंच घर उभं केलं. टाचायला काटाही साळिंदराचाच नेला, आणि परत दिला नाही तो नाहीच.

"काय रे, हा गाद्यांचा साचा कधी काढायचा?" कोल्ह्याने विचारलं.

"काढायचा नाही. ती घराची गोधडी आहे," साळिंदर म्हणालं. "वरून मातीचा गिलावा दे आणि गप बस."

कोल्हा पोट धरधरून हसला. "अरे येड्या, गोधडी थंडीत घेतात! मी घर उन्हाळ्यासाठी बांधतोय."

"ऊन बाहेरच अडवते ती."

"तू मला शिकवू नकोस," म्हणत कोल्हा तरातरा निघून गेला.

वैशाखातल्या वास्तुशांतीला सकाळीच त्याने आतल्या-बाहेरच्या सगळ्या गाद्या ओरबाडून माळावर फेकल्या. भिंत कशी गुळगुळीत निघाली! पाहुण्या आलेल्या रानडुकराने अंग घासून पाहिलं आणि म्हणालं, "झकास!" कोल्हा टम्म फुगला. पण पंगत बसली, सूर्य डोक्यावर आला आणि भिंती तव्यासारख्या तापल्या. पाहुणे खायचं सोडून पत्रावळीनेच वारा घ्यायला लागले. रानडुक्कर ओरडलं, "यजमान, आम्हाला जेवायला बोलावलंत की शिजवायला?"

कोल्हीण उठली आणि पोट सांभाळत तडक साळिंदराच्या घरी गेली. पत्रावळी उचलून पाहुणेही तिच्यामागे गेले. आत असा गारवा, की रानडुक्कर तिथेच घोरायला लागलं. कोल्हा दारात उभा राहिला आणि पडेल आवाजात म्हणाला, "साळिंदरदादा, गोधडी परत चढवता येईल का?"

"येईल की. पण कापूस कुठाय?"

कापूस उंदरांनी केव्हाच पळवला होता. कोल्हा बिळाबिळावर हात जोडत फिरला. उंदरीण म्हणाली, "हळू बोला हो, पोरं निजलीत त्यात. मोठी झाली की या."

पिल्लं साळिंदराच्या घरीच झाली, चांगली गुटगुटीत. कोल्हाही दुपारी आत घुसायला गेला, पण काट्यांमुळे जागा उरली नव्हती. "दार लावून घ्या बाहेरून," आतून कोल्हीण म्हणाली, "झळ आत येतेय."

तात्पर्य : दुसऱ्याचं पाहून काम करायचं तर त्याचं ऐकावंही. चारचौघांत मिरवायला उपयोगाची वस्तू फेकली, की आपल्याच बायकापोरांना शेजाऱ्याचं घर शोधावं लागतं.