पालथा ठेवलेला पिवळा हिरा

फार पूर्वी, हिरे बोलत आणि सराफ ते ऐकून घेत, तेव्हाची ही गोष्ट. मोरोशेट सराफांच्या डबीत पांढऱ्या हिऱ्यांमध्ये एक गर्द पिवळा हिरा येऊन पडला.

"शेटजी, याला कावीळ झालीय!" पांढरे ओरडले. "बाहेर काढा, नाहीतर आमचाही भाव पडेल."

मोरोशेटांनी रोजच्या सवयीने त्याला कागदावर पालथा ठेवला. हिऱ्यातला पिवळेपणा ते असाच पाहत, आणि जितका पिवळा तितका स्वस्त धरत. "काच कापणाऱ्याला देऊन टाकू," ते म्हणाले.

पिवळ्याचा जीव घाबरा झाला. "द्या हो, पण आधी माझं तोंड तरी बघा! पाठ बघून कोणी सोयरीक मोडतं का?"

शेटजींना हसू आलं. त्यांनी त्याला उताणा केला, आणि कागदावर हळदीचा उजेड पसरला. "चुकलोच रे बाळा," ते म्हणाले. "थोडी पिवळी झाक म्हणजे डाग. पण तू तर अंतर्बाह्य पिवळा! तुझा भाव सगळ्यांच्या वर."

मग सर्वांत मोठा पांढरा हिरा हळूच म्हणाला, "शेटजी, नीट बघा ना, थोडी पिवळी झाक माझ्यातही आहे."