बद्द वाजणारी वीट

कधीकाळी, फार मागे, एका डोंगरावर एक गाव होते. तिथे विहिरीला पाणी लागत नसे. पावसाचे पाणी हौदात साठवायचे आणि उन्हाळा त्यावर काढायचा.

तो हौद फुटला. गवंड्याने नवा बांधला. चुन्यात त्याने कच्ची माती कालवली. पाणी भरले तसे सांधे विरघळले आणि गाव तहानले.

"माती भाजायला हवी होती," गवंडी म्हणाला.

विटेवर थापी मारायची, खणखणली तर घ्यायची, बद्द वाजली तर कच्ची म्हणून फेकायची, ही त्याच्या घराण्याची रीत. पुढच्या वर्षी त्याने भट्टीतल्या सगळ्यांत खणखणीत वाजणाऱ्या, विस्तवाला चिकटून काळ्या पडलेल्या विटा निवडल्या. कुटून त्यांची भुकटी चुन्यात घातली.

हौद पुन्हा गळला. चुना बोटाने उकरता येत होता.

पाटील म्हणाला, "गवंडीबुवा, आता पुन्हा गळला तर थापी माझ्या ओसरीवर ठेवायची. मग गावाची धुणी धुवा."

"धुवायला पाणी कुठंय, पाटील?" कुणीतरी म्हणाले. लोक हसले. गवंडी हसला नाही.

त्याला काही कळेना. कच्ची माती वाईट, हे पटले. पण सगळ्यांत पक्कीही वाईट? जेवताना घास हातातच राहिला. तो उठून मोरीत हात धुवायला गेला.

मोरी बायकोने लिंपली होती. रोज पाणी पडायचे, पण टवका उडाला नव्हता. त्याने नखाने खरवडले. नख तुटले.

"अगं, यात काय घातलेस?"

"चुना आणि विटांची भुकटी."

"कुठल्या विटांची?"

"तुम्ही फेकलेल्या. बद्द वाजणाऱ्या. चांगल्या विटा मला कधी दिल्यात?"

तो आणखीच गोंधळला. ही वीट भिंतीत घातली तर भिंत खचते. चुन्यात घातली तर चुन्याचा दगड होतो? आजाने असे कधी सांगितले नव्हते. पण नख तर तुटले होते.

त्याने उकिरड्यावरून बद्द विटा वेचल्या, कुटून चुन्यात घातल्या आणि हौद पुन्हा बांधला. लोक म्हणाले, याला वेड लागले. पाऊस झाला, हौद भरला. वैशाखातही बायका घागरी बुडवून भरत होत्या.

माती बद्द विटेसारखी बेताच्या आचेवर भाजली तर चुन्याला धरते. आच फार झाली की तिची काच होते, मग ती कुणालाच धरत नाही. गवंड्याला हे कधी उमगले नाही. थापी मात्र त्याच्याकडेच राहिली, आणि वीट फेकताना त्याचा हात थबकू लागला.

बोध एवढाच: एका कामाच्या कसोटीवर दुसऱ्या कामाचा माल पारखू नये.