गवताचं कडं

विहिरींवर रहाट फिरायचे, त्या काळची गोष्ट. विहिरीकाठच्या बाभळीवर सुगरण पक्ष्यांची शाळा भरायची. तिथं घरटं विणायला शिकवत. जो शिकला नाही, त्याला वादळात घर नाही.

सुट्टी संपली की पिल्लानं गवताचं कडं विणायचं आणि पायात घालून शाळेला जायचं, अशी रीत होती. टुक्या नावाच्या पिल्लाला मात्र शाळेच्या नावानंच कापरं भरायचं. आईनं त्याला विणायला बसवलं खरं, पण त्याची वेडीवाकडी गाठ तिला बघवेना. तिनं सगळं उसवलं, स्वतः सुबक कडं विणलं आणि त्याच्या पायात घातलं. टुक्या घरट्याच्या तोंडापर्यंत गेला आणि मागं फिरला.

"आई, मला एक गाठ जमली नाही. तिथं काय जमणार?"

शेजारचा म्हातारा होला म्हणाला, "बाई, शाळेत तू जाणार का तो? चोच आवर जरा."

"आजोबा, तुमचं घरटं चार काड्यांचं. तुम्ही मला शिकवणार?"

"चार काड्यांचंच आहे. पण माझी पोरं त्यातून उडाली."

सुगरणीनं रागानं कडं काढून टाकलं. टुक्या पुन्हा विणायला बसला. गवत निसटलं, तुटलं. विणता विणता तो आईशी बोलू लागला.

"गुरुजी हसले तर?"

"हसतील."

"मी रडलो तर?"

"रड. मग पुढची गाठ मार."

कडं झालं, ओबडधोबड. एक काडी बाहेर लोंबत होती. आईची चोच तिकडं गेली. तिनं चोच मागं घेतली, आणि टुक्या उडाला.